बघायला आलेल्या माणसाला बसायला खुर्ची द्या

शहरांच्या मध्यवस्तीतल्या जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांचे विश्वस्त, संचालक, ग्रंथपाल आणि त्यांचं अंदाजपत्रक मंजूर करणारे लोकप्रतिनिधी यांस,

स. न. वि. वि.

तुमच्या इमारतींचं कौतुक करायला हे पत्र लिहिलेलं नाही. ते काम रोज शेकडो मोबाइल करतातच. माणूस पायऱ्या चढून आत येतो, मान मागे टाकून घुमट बघतो, सोबतच्यांना संगमरवरी जिन्यावर उभं करून फोटो काढतो, जाताना एखादी कापडी पिशवी विकत घेतो आणि दहा मिनिटांत पुन्हा रस्त्यावर असतो. वार्षिक अहवालात तो ‘भेट देणारे’ या रकान्यात जाऊन बसतो. सकाळपासून संदर्भ विभागात जुन्या वर्तमानपत्रांचे बांधीव खंड चाळणाऱ्या बाईही त्याच रकान्यात. आकडा फुगतो, सभेत समाधान व्यक्त होतं, आणि त्या दिवशी कपाटांतून किती पुस्तकं खाली उतरली हे कुणी विचारत नाही.

माझी मागणी एवढीच आहे. तुमच्याकडे पहिल्यांदाच आलेल्या, खिशात तुमचं कार्ड नसलेल्या, कुणाची ओळख घेऊन न आलेल्या माणसाला त्याच भेटीत बसायला खुर्ची आणि त्याने मागितलेलं पुस्तक मिळालं पाहिजे. घरी न्यायला नको, तिथेच बसून वाचायला. तुमच्यापैकी काही जण हे आजही करतात. त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल. (वाचलंत तर बरं, कारण वाचनकक्षाचं ‘अनुभव केंद्र’ करून देणारे सल्लागार कधी ना कधी तुमच्याही दारात येणार आहेत.)

ही मागणी माझ्या डोक्यातून निघालेली नाही. तुमच्यातल्या निदान एका थोर इमारतीचा पाया याच अटीवर घातला गेला. १८५२ साली बोस्टनच्या नियोजित सार्वजनिक ग्रंथालयासाठी जोशुआ बेट्स या बँकरने पन्नास हजार डॉलर देऊ केले. तरुणपणी हा माणूस बोस्टनमध्ये गरिबीत राहिलेला. पुस्तकं घ्यायला पैसे नव्हते आणि थंडीत खोलीत शेकोटी पेटवणंही परवडत नव्हतं, म्हणून संध्याकाळी पुस्तकांच्या दुकानात जाऊन वाचायचा. पुढे तो लंडनच्या एका मोठ्या पेढीत भागीदार झाला आणि तिथून त्याने ही देणगी पाठवली. अटी तीन होत्या. इमारत शहराला शोभा आणणारी हवी. शंभर ते दीडशे माणसं टेबलाशी बसून वाचू शकतील एवढी खोली हवी. आणि प्रवेश सर्वांना पूर्णपणे मोफत हवा.

यातली पहिली अट सगळ्यांच्या लक्षात राहते. शोभेसाठी पैसा उभा करणं सोपं असतं, कारण तिचं उद्घाटन करता येतं. पण बेट्सला शोभा का हवी होती, याचा विचार केला की अटींचा अर्थ बदलतो. ज्याच्या खोलीत ऊबही नाही, अशा पोराला शहरातल्या सर्वात देखण्या दालनात टेबल मिळावं, अशी ती व्यवस्था होती. देखणेपण वाचणाऱ्यासाठी होतं. १८९५ साली उघडलेल्या सध्याच्या इमारतीच्या दारावर ‘सर्वांना मोफत’ हे शब्द कोरलेले आहेत, आणि आतल्या लांबलचक, कमानदार वाचनकक्षाला बेट्सचं नाव आहे.

न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाची गोष्ट तर घड्याळासकट सांगता येते. ती इमारत मे १९११ मध्ये लोकांसाठी उघडली. पहिल्या सकाळी अगदी सुरुवातीला आलेल्या मागण्यांपैकी एक रशियन भाषेतल्या, नीत्शे आणि टॉलस्टॉय यांच्याविषयीच्या पुस्तकाची होती. वाचकाने चिठ्ठी दिली ९ वाजून ८ मिनिटांनी. पुस्तक त्याच्या हातात पडलं ९ वाजून १४ मिनिटांनी. बाहेर हजारोंची गर्दी लोटलेली, सगळे नवं वैभव बघायला आलेले, आणि आत एका माणसाला सहा मिनिटांत परभाषेतलं एक अवघड पुस्तक मिळालं.

हे घडलं, कारण इमारत त्यासाठीच रचलेली होती. सुमारे तीनशे फूट लांबीचा तो प्रसिद्ध वाचनकक्ष खाली न ठेवता वरच्या मजल्यावर नेला, आणि त्याच्या पोटात पोलादी कपाटांचे सात मजले भरले. ती कपाटं नुसती पुस्तकं धरत नव्हती, वरच्या कक्षाची जमीनही तोलत होती. चिठ्ठी हवेच्या दाबाच्या नळीतून खाली जायची आणि पुस्तक वर यायचं. नक्षीदार छताचे फोटो काढणाऱ्याला हे दिसत नाही. पण त्या खोलीचं सौंदर्य नीट समजून घ्यायचं तर पायाखाली काय आहे ते कळायला हवं.

शंभर वर्षांनी त्याच संस्थेच्या कारभाऱ्यांना ती कपाटं अडचण वाटू लागली. ती काढून जागा मोकळी करायची आणि तिथे नवं देवघेव ग्रंथालय उभारायचं, अशी योजना पुढे आली. लेखक, संशोधक आणि नेहमीचे वाचक तिच्याविरुद्ध उभे राहिले, प्रकरण कोर्टात गेलं, आणि मे २०१४ मध्ये ती योजना सोडून द्यावी लागली. तोवर त्या सात मजल्यांमधली पुस्तकं मात्र हलवली गेली होती. आता बरीचशी पुस्तकं शेजारच्या उद्यानाखाली बांधलेल्या भांडारात असतात. आणि नेमक्या त्याच महिन्यात वाचनकक्षाच्या छतावरचं प्लास्टरचं एक फूल रात्रीच्या वेळी निखळून खाली आलं. सुदैवाने तेव्हा खाली कुणी नव्हतं. कक्ष बंद करून छताची पूर्ण तपासणी झाली आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये तो पुन्हा उघडला. दोन वर्षांहून जास्त काळ कक्ष बंद राहिला, ते रास्तच होतं. माणसांच्या डोक्यावरचं छत आधी. पण पुन्हा उघडताना टेबलं तिथेच होती आणि खोली वाचनासाठीच उघडली, हेही नोंदवून ठेवतो.

आता माझा एक अनुभव. ग्रंथालयाचं नाव लिहीत नाही, कारण इतर पुष्कळ ठिकाणी याहून वेगळं घडत नाही. उंच खिडक्या, लाकडी कठडे, फिरता जिना, सगळं जागच्या जागी आणि चकचकीत. तालिकेत मला हवं असलेलं एक जुनं प्रवासवर्णन सापडलं. दुर्मिळ वगैरे काही नाही, दोन-तीन आवृत्त्या निघालेलं पुस्तक. काउंटरवर विचारलं तर उत्तर मिळालं : अर्ज, दोन फोटो, ओळखपत्राची प्रत, राहत्या पत्त्याचा पुरावा आणि एका सभासदाची शिफारस. मी म्हटलं, मला इथेच बसून वीस पानं वाचायची आहेत, तुमच्या डोळ्यांसमोर. गृहस्थ मनाने चांगले होते. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, “फोटो काढा ना, हवे तेवढे काढा.”

त्यांचा दोष नाही. त्यांच्या हातात जे देण्यासारखं होतं, ते त्यांनी मोकळेपणाने दिलं. नियम तुम्ही केलेत. कॅमेऱ्याला परवानगी देताना तुम्हाला काही धोका वाटला नाही, कारण कॅमेऱ्याच्या मागे प्रसिद्धी येते. वाचकाच्या मागे काम येतं. पुस्तक शोधा, आणा, परत जागेवर ठेवा.

दारात कुणाला घ्यायचं हा प्रश्न या संस्थांना पहिल्या दिवसापासून चिकटलेला आहे, आणि त्याची उत्तरं फार वेगवेगळी दिली गेली आहेत. मेलबर्नचं ग्रंथालय १८५६ साली उघडलं तेव्हा त्याचे एक संस्थापक रेडमंड बॅरी यांनी प्रवेशासाठी ठेवलेल्या अटी जवळजवळ गमतीदार वाटतात : वय चौदाच्या वर हवं आणि हात स्वच्छ हवेत. झालं. ना ओळखपत्र, ना शिफारस. मळलेले हात घेऊन आलेल्याला हात धुवून परत येता येतं. पत्त्याचा पुरावा नसलेल्याने काय करायचं? याच्या उलट, मुंबईच्या एशियाटिक सोसायटीची स्थापना १८०४ ची, पण माणकजी करसेटजी यांच्या रूपाने पहिला भारतीय सभासद आत यायला १८४० साल उजाडावं लागलं. ती सभासदांची संस्था होती, सार्वजनिक ग्रंथालय म्हणून काढलेली नव्हती, हे मान्य. पण ‘सार्वजनिक’ असं कपाळावर लिहिलेल्या संस्थांनीही कमी केलेलं नाही.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातलं अलेक्झांड्रिया शहर, २१ ऑगस्ट १९३९. तिथलं ग्रंथालय कराच्या पैशावर चालायचं आणि कृष्णवर्णीयांना कार्ड द्यायचं नाही. सॅम्युअल टकर या तरुण वकिलाने आखणी केली. त्यानुसार पाच कृष्णवर्णीय तरुण एकामागून एक काउंटरशी गेले आणि कार्ड मागितलं. नकार मिळाल्यावर प्रत्येकाने कपाटातून एक पुस्तक काढलं, वेगवेगळ्या टेबलांशी बसले आणि वाचू लागले. घोषणा नाहीत, फलक नाहीत. पोलिस बोलावले गेले आणि पाचही जणांना बाहेर नेलं. शांतता राखून वाचणाऱ्या माणसांवर बेशिस्त वर्तनाचा ठपका ठेवताना पोलिसांनाही अवघडल्यासारखं झालं असेल. पुढच्याच वर्षी शहराने कृष्णवर्णीयांसाठी एक वेगळं, छोटं ग्रंथालय बांधून दिलं. टकर यांनी तिथलं कार्ड घ्यायला नकार दिला. त्यांना हक्क हवा होता तो त्याच खोलीतल्या खुर्चीवर.

ही घटना इथे आणली ती भावना चेतवायला नव्हे. आज रंग बघून कुणी अडवत नाही, पण अडवण्याची यंत्रणा तीच आहे : काउंटर आणि कार्ड. पत्ता नसलेला, नुकताच शहरात आलेला, कामावरून सुटून सात वाजता पोचणारा, अर्ज भरताना बुजणारा, असे लोक त्या काउंटरवरून आजही परत जातात. आणि ते परत गेल्याची नोंद कुठेच होत नाही.

तुमचं उत्तर मला ठाऊक आहे. पुस्तकं जुनी आहेत, हाताळून फाटतील. यात तथ्य आहे, पण थोडं. हस्तलिखितं, जुने नकाशे, मोजक्या उरलेल्या प्रती यांना बंद खोली, मंद प्रकाश आणि देखरेख हवीच. त्यावर वाद घालणारा वाचक मला अजून भेटलेला नाही. पण तुमच्या भांडारातल्या ढिगाचा मोठा भाग तसला नसतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर लाकडाच्या लगद्याचा कागद आला आणि त्यातल्या आम्लाने पानं पिवळी, ठिसूळ होऊ लागली. हे कुलपात ठेवूनही होतंच. हवेतली आर्द्रता पासष्ट टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते. कसर आणि वाळवी तर बंद कपाटातच सुखाने नांदतात, कारण तिथे त्यांना कुणी उठवत नाही. ज्या पुस्तकाला वर्षातून चार वाचक लाभतात, त्याची शिवण उसवली तर चौथ्या वाचकाला कळतं. ज्याला कुणीच लाभत नाही, त्याची पाठ सुटलेली कळते ती थेट जंत्री करायला घेतल्यावर.

आणि खरा विध्वंस कसा होतो, ते लॉस एंजेलिसच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला विचारा. १९२६ ची ती इमारत, शहराचा मानबिंदू. २९ एप्रिल १९८६ रोजी तिला आग लागली आणि ती सात तासांहून अधिक वेळ धुमसत राहिली. सुमारे चार लाख पुस्तकं जळून गेली आणि आणखी कित्येक लाख पाण्याने, धुराने खराब झाली. आग कशामुळे लागली यावरचा वाद मिटलेला नाही. ती एवढी का पसरली, यावर फारसा वाद नाही. बंद ग्रंथभांडारात एकावर एक रचलेले कपाटांचे मजले, मधे हवा खेळण्यासाठी ठेवलेल्या फटी, त्यांतून ज्वाळा सरळ वर गेल्या, आणि तिथे पाण्याचे स्वयंचलित फवारे बसवलेले नव्हते. या त्रुटींची जाणीव आधीपासून होती, पण खर्च पुढे ढकलला जात होता. नंतर शेकडो नागरिक हातोहात पुस्तकं बाहेर काढायला आले. ओलं पुस्तक दोन-तीन दिवसांत बुरशीला बळी पडतं, म्हणून भिजलेले ढीग खोकी भरून शीतगृहांत गोठवावे लागले. ग्रंथालय पुन्हा उघडलं १९९३ मध्ये.

त्या शहराने पैसा कसा उभा केला, हे तुम्हा अंदाजपत्रकवाल्यांसाठी मुद्दाम सांगतो. ग्रंथालयाच्या जागेवर जी उंची बांधता आली असती आणि बांधायची नव्हती, तिचे हक्क शेजारच्या विकासकांना विकले. त्यातून समोर गगनचुंबी मनोरा उभा राहिला आणि ग्रंथालय आपल्या मूळ उंचीवर वाचलं. मध्यवस्तीतली जमीन महाग असते हे रडगाणं तुम्ही नेहमी गाता. तीच महाग जमीन इथे कामाला आली.

पैशाचा विषय निघालाच आहे, तर या संस्थांचा एक जुना विनोदही सांगायला हवा. ब्रिटनमध्ये १८५० साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. त्याने नगरपालिकांना पौंडामागे अर्धा पेनी कर बसवायची मुभा दिली, पण तो पैसा इमारतीवर आणि नोकरांवर खर्च करायचा, पुस्तकं विकत घ्यायला वापरायचा नाही! पुस्तकं कुणीतरी दान देईल, अशी त्यांची समजूत होती. १८५५ साली कर एक पेनी झाला आणि पुस्तकं घ्यायला परवानगी मिळाली. गेल्या काही वर्षांतल्या तुमच्या खर्चाच्या याद्या बघितल्या की मला १८५० साल परत आल्यासारखं वाटतं. दर्शनी भागाचं दगडकाम, रात्रीची रोषणाई, प्रवेशदालनातला कॅफे. ग्रंथखरेदी मात्र गेल्या वर्षीइतकीच, आणि निवृत्त झालेल्या ग्रंथपालाची जागा रिक्त.

अमेरिकन पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगीवर आक्षेप घ्यायला पुष्कळ जागा आहे, पण या बाबतीत तो व्यवहारी होता. जगभरात अडीच हजारांवर ग्रंथालयांना त्याने इमारती दिल्या. नेहमीची अट अशी की जागा गावाने द्यायची आणि बांधकामाच्या खर्चाच्या दहा टक्के रक्कम दर वर्षी चालवण्यासाठी मंजूर करायची. ही तयारी नसलेल्या गावांना इमारत मिळाली नाही. पुढच्या वेळी कुणी दानशूर घुमट दुरुस्त करायला पुढे आला, तर त्याचे आभार मानून हीच अट त्याच्यापुढे आणि स्वतःपुढे ठेवा.

इमारत टिकते आणि ग्रंथालय जातं, असंही होतं. शिकागोची कथा बघा. १८७१ च्या भीषण आगीनंतर ब्रिटनमधून हजारो पुस्तकांची देणगी आली, आणि ती ठेवायला जागा नाही म्हणून शहराचं पहिलं सार्वजनिक ग्रंथालय पाण्याच्या एका जुन्या लोखंडी टाकीत भरलं! १८९७ साली त्याला रंगीत काचेच्या घुमटाची देखणी वास्तू मिळाली. आज ती सांस्कृतिक केंद्र आहे, कारण ग्रंथालय १९९१ मध्ये नव्या इमारतीत गेलं. पुस्तकं नीट दुसरीकडे गेली, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. पण वाचनालयाचा घुमट बघायला जाणाऱ्याला तिथे आज घुमटच बघायला मिळतो. बोस्नियातल्या सारायेव्होचं दुःख वेगळ्याच जातीचं. ऑगस्ट १९९२ मध्ये वेढ्याच्या काळात तोफगोळ्यांनी तिथलं राष्ट्रीय ग्रंथालय पेटवलं आणि संग्रहाचा फार मोठा भाग गेला. इमारत पुन्हा जशीच्या तशी बांधून २०१४ मध्ये उघडली. भिंती, कमानी, रंग परत आणता आले. हे दोन दाखले एका ओळीत ठेवण्यासारखे नाहीत, हे मला कळतं. तरी दगडी दर्शनी भागापुढे उभं राहून “वारसा जपला” असं म्हणणाऱ्या तुमच्या भाषणांच्या वेळी ते मला दोन्ही आठवतात.

मग करायचं काय? मँचेस्टरने जे केलं ते बघून या. १९३४ ची गोलाकार इमारत, मधोमध घुमटाखाली वाचनकक्ष, आणि तिथला प्रतिध्वनी असा की पुस्तक मिटलं तरी पलीकडच्याला कळावं. २०१० मध्ये बंद करून २०१४ मध्ये पुन्हा उघडताना त्यांनी नुसतं रंगकाम केलं नाही. त्याआधी इमारतीचा जेमतेम तीस टक्के भाग लोकांसाठी होता, बाकी भांडार आणि कचेऱ्या. आता ते प्रमाण उलटं झालं आहे. मेलबर्नच्या १९१३ च्या घुमटातून पाणी गळायचं म्हणून १९५९ मध्ये काचांवर तांब्याचे पत्रे ठोकले गेले आणि वाचक चार दशकं दिव्याच्या उजेडात बसले. २००३ मध्ये काचा पुन्हा मोकळ्या केल्या. आज तिथे दिवसाच्या उजेडात वाचता येतं. दोन्हीकडे खर्च वाचकाच्या टेबलापर्यंत पोचला.

तुमच्याकडे एवढा पैसा नसेल. तरी एक गोष्ट जवळजवळ फुकटात होते. ज्या दालनात लोक मान वर करून उभे असतात, त्याच दालनात मुक्तद्वार कपाटं ठेवा. कुलूप नाही, चिठ्ठी नाही. लंडनच्या क्लार्कनवेलमध्ये ग्रंथपाल जेम्स डफ ब्राऊन यांनी १८९४ मध्ये वाचकांना कपाटांपर्यंत जाऊ दिलं, तेव्हा चोऱ्या होतील म्हणून केवढा गदारोळ झाला होता. स्टॉकहोमच्या ग्रंथालयात वास्तुकार गुन्नार आस्प्लुंड यांनी १९२८ मध्ये तोच विचार वास्तूत उतरवला : मधल्या उंच गोल दालनात शिरलं की चोहोबाजूंनी पुस्तकंच, हात लांबवला की मिळतील अशी. तिथे फोटो काढणाऱ्यालाही पुस्तकांच्या मधोमध उभं राहूनच तो काढावा लागतो. तुमची कपाटं तेवढी देखणी नसली तरी चालतील. शहराचा इतिहास, तुमच्याकडच्या जुन्या अंकांच्या बांधणीतल्या जादा प्रती, कथा, कविता, मुलांची पुस्तकं ठेवा, आणि शेजारी बाकं नव्हे, पाठ टेकवता येईल अशा खुर्च्या.

बाकीच्या पुस्तकांसाठी दिवसाचा परवाना द्या. नाव लिहून घ्या, पिशवी कपाटात ठेवायला सांगा, एका वेळी एकच पुस्तक द्या, हवं तर हात धुवायला सांगा. त्याला कुणाची हरकत नाही. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मद्रासमधून जे पाच नियम मांडले, त्यांतला पहिला, पुस्तकं वापरासाठी असतात, तुम्ही भिंतींवर तसबिरीत लावलेला मी पाहिला आहे. चौथाही लावा : वाचकाचा वेळ वाचवा. आणि अहवालात आणखी एक रकाना वाढवा, चिठ्ठी दिल्यापासून पुस्तक हातात येईपर्यंत सरासरी किती मिनिटं लागली याचा. पहिल्या वर्षी आकडा लाजिरवाणा येईल. तरीही छापा.

पर्यटकांच्या टोळ्यांबद्दल तुमच्या नेहमीच्या वाचकांची तक्रार असते, तीही खरी. वाक्य अर्ध्यावर असताना मागून वाटाड्याचं भाषण सुरू झालं की माणूस चिडतो. ठरावीक वेळी, ठरावीक मार्गाने टोळ्या न्या, आणि वाचनकक्षात वाटाड्याला बोलू देऊ नका. जे सांगायचं ते त्याने दाराबाहेर सांगावं. आत दोन मिनिटं गप्प उभं राहिलेल्या टोळीतला एखादा मागे रेंगाळतो, खुर्चीकडे बघतो. हे पत्र खरं म्हणजे त्याच्यासाठी आहे.

परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं सगळ्या जागा अडवतात, स्वतःच्या वह्या घेऊन येतात, तुमच्या पुस्तकाला हातही लावत नाहीत, असंही ऐकतो. मला त्यांचा राग येत नाही. घरात शांत कोपरा नसलेल्या मुलासाठीच तर बेट्सने टेबलं मागितली होती. पण काही खुर्च्या तुमचीच पुस्तकं वाचणाऱ्यांसाठी राखून ठेवता येतील.

दिवसभर आसरा घ्यायला येणाऱ्या बेघर माणसांचं काय, हा प्रश्न मोठ्या शहरांत टाळता येत नाही. पहारेकरी वाढवून तो सुटत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रंथालयाने २००९ मध्ये पूर्णवेळ समाजसेवक नेमला, आणि नंतर इतर अनेक शहरांनी त्याची वाट धरली. स्वच्छतागृहं चालू आणि स्वच्छ ठेवणं हे त्याहून साधं काम आहे. ज्या वास्तूत संगमरवराला रोज पॉलिश होतं, तिथल्या स्वच्छतागृहाच्या दारावर ‘फक्त कर्मचाऱ्यांसाठी’ ही पाटी मी वाचली आहे. तीन तास बसून वाचणाऱ्याला ती पाटी घरी पाठवते.

शेवटची गोष्ट वेळेची. तुमच्यापैकी कितीतरी जण संध्याकाळी पाच-सहाला वाचनकक्ष बंद करतात आणि त्यानंतर दालन समारंभांना भाड्याने देतात. दिवे तसेही लागतात, दारवान तसाही थांबतो, सफाईही होते. मध्यवस्तीत दिवसभर काम करणारी माणसं सहाला सुटतात आणि तुमच्या पायऱ्यांवरून गाडी पकडायला जातात. येत्या अंदाजपत्रकात निदान तीन संध्याकाळी नऊपर्यंत वाचनकक्ष उघडा ठेवण्याची आणि त्या वेळेत भांडारातून पुस्तक आणून देणाऱ्या एका माणसाच्या पगाराची तरतूद करा. समारंभांचं भाडं त्या तीन संध्याकाळी बुडेल. ते बुडू द्या.

कळावे, लोभ असावा.

आपला,
कार्ड नसलेला एक वाचक